इटलीत द्राक्षमळ्यांतून सायकलवर: आदिजेच्या काठाने बोल्झानो ते व्हेरोना

सह्यवारा

इटलीत द्राक्षमळ्यांतून सायकल चालवायची म्हटलं की बहुतेक जण टस्कनीचंच नाव घेतात. टस्कनी सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांना पहिल्यांदाच परदेशात, गट आणि वाटाड्या न घेता, आपलं आपण सायकलवर फिरायचं आहे त्यांनी आधी उत्तरेला जावं, असं माझं ठाम मत झालं आहे. आल्प्समधून उतरणाऱ्या आदिजे नदीचं खोरं, बोल्झानोपासून व्हेरोनापर्यंत. या फोरमवरच्या मागच्या धाग्यात या सहलीचा उल्लेख केल्यापासून बरेच व्यक्तिगत निरोप (व्यनि) आले, म्हणून सगळं इथे एकत्र लिहिते.

आदिजे ही इटलीतली दुसऱ्या क्रमांकाची लांब नदी, ४१० किमी. ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ रेसिया खिंडीपाशी उगम पावते आणि पुढे व्हेरोनाला वळसा घालून एड्रियाटिक समुद्राला मिळते. बोल्झानो समुद्रसपाटीपासून साधारण २६० मीटरवर आहे, त्रेंतो १९० च्या आसपास आणि व्हेरोना ६० वर. म्हणजे दीडशे किलोमीटरभर नदीच्या संगतीने हळूहळू उतरत जायचं. बराचसा मार्ग नदीच्या बांधावरून, डांबरी आणि फक्त सायकलींसाठी. गाड्या नाहीत, हॉर्न नाही. चाळिशी-पन्नाशीच्या, रोज पंधरा-वीस किलोमीटर चालवणाऱ्या माणसालाही हे सहज जमतं. आम्ही चौघं होतो, त्यातल्या दोघांनी याआधी एका दिवसात पन्नास किलोमीटरही कधी केले नव्हते.

दोन्ही बाजूंना उभे डोंगरकडे, मधली सपाटी सफरचंदांची आणि उतारावर द्राक्षं. बांधावरून जाताना मळा हाताच्या अंतरावर असतो. कुठली जात लावली आहे, काडी कशी बांधली आहे, घड किती ठेवले आहेत, सगळं दिसतं. मोटारीतून जाणाऱ्याला फक्त हिरवा रंग दिसतो. मला या सहलीचं सगळ्यात मोठं सुख हेच वाटलं. वाइन चाखणं नंतरचं. आधी तिच्या मागचं शेत आणि शेतकऱ्याचं काम इतकं जवळून बघायला मिळतं.

पहिल्या टप्प्यात मात्र सरळ नदी धरू नका. बोल्झानोहून आप्पियानो आणि काल्दारोकडे जाणारा सायकलमार्ग बंद पडलेल्या जुन्या रेल्वेच्या मार्गावरून काढला आहे. रेल्वेचा असल्यामुळे चढ आहे, पण सौम्य. वर पोहोचलं की दक्षिण तिरोलचा, म्हणजे बोल्झानोच्या प्रांताचा, वाइन रस्ता लागतो, तो १९६४ साली आखला गेला. काल्दारोचं तळं, मग त्रामिन, कोर्ताच्चा, माग्रे अशी एकामागून एक गावं. तळ्याभोवती स्कियावा जातीची द्राक्षं, तिची वाइन फिकट लाल आणि हलकी, दुपारच्या जेवणाबरोबर घेतात. त्रामिन म्हणजे गेवुर्त्सत्रामिनर या सुगंधी द्राक्षाचं गाव. माग्रेमध्ये एका घराच्या भिंतीवर चढलेला वेल १६०१ साली लावलेला आहे, असं तिथले लोक सांगतात. आजही त्याला घड लागतात.

हा सगळा प्रदेश पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपर्यंत ऑस्ट्रियाचा होता. त्यामुळे प्रत्येक पाटीवर दोन नावं, बोल्झानो आणि बोझन, काल्दारो आणि काल्टर्न. दुकानात आधी जर्मन ऐकू येतं. सालोर्नोची अरुंद खिंड ओलांडली की एकदम इटालियन सुरू होतं, आणि हा बदल सायकलवर अगदी स्पष्ट जाणवतो, कारण सकाळी कॉफी मागताना एक भाषा आणि दुपारी पाणी मागताना दुसरी.

सालोर्नोच्या पुढे पियाना रोतालियाना हे सपाट मैदान. नोचे नदीने आणून टाकलेल्या गोट्यांच्या जमिनीवर तेरोल्देगो नावाचं काळंभोर द्राक्ष पिकतं, ते इथलं खास. मग त्रेंतो. तिथे एक अख्खा दिवस ठेवाच. बुओनकोन्सिलियो किल्ल्याच्या आक्विला बुरुजात इ.स. १४०० च्या सुमाराची वर्षातल्या महिन्यांची भित्तिचित्रं आहेत, मार्चचं तेवढं नष्ट झालं. ऑक्टोबरच्या चित्रात द्राक्षतोडणी आणि रस काढण्याचा मोठा दाब रंगवला आहे. दिवसभर मळ्यांतून आल्यावर ते चित्र बघताना मी कितीतरी वेळ तिथून हलले नाही.

पुढे रोवेरेतो, आला, आवियो. मग खोरं आवळत जातं आणि चेराइनोच्या घळीतून नदी मैदानात उतरते. शेवटचा भाग बिफ्फिस कालव्याच्या कडेने थेट व्हेरोनापर्यंत.

प्रश्न विचारा, जमेल तसं लिहीन.

रानपाखरू

वाचनखूण साठवली. किती दिवसांपासून असं काहीतरी शोधत होते. आम्ही दोघं आणि सासूबाई-सासरे (वय ६४ आणि ६७, दोघंही रोज चालतात) असा विचार आहे. सामान पाठीवर घेऊन जायचं का? सायकली कुठून मिळतात? व्हिसाला अशी हिंडती सहल चालते का? आणि खर्चाचा साधारण अंदाज द्याल का?

सह्यवारा

@रानपाखरू, सामान अजिबात पाठीवर नको. सेल्फ-गायडेड, म्हणजे वाटाड्याशिवायच्या, सहलीचा अर्थच तो. सहल आखणारी कंपनी हॉटेलं ठरवून देते, तुमच्या मापाच्या सायकली पहिल्या हॉटेलवर आणून देते, मार्गाची फाइल मोबाइलमध्ये घालून देते आणि रोज सकाळी तुमच्या बॅगा पुढच्या हॉटेलवर पोहोचवते. अडचण आली तर फोन करायला एक नंबर असतो. बाकी दिवस तुमचा. कधी निघायचं, कुठे थांबायचं, किती वेळ झाडाखाली बसायचं, हे कुणी सांगत नाही. हँडलला लावायच्या पिशवीत पाणी, पावसाळी जाकीट, सनस्क्रीन, पासपोर्ट एवढंच.

सासूबाई-सासऱ्यांसाठी ई-सायकलच घ्या. युरोपात मोटर २५ किमी वेगापर्यंतच मदत करते, त्यानंतर आपोआप बंद होते, त्यामुळे सायकल भरधाव सुटण्याची भीती नाही. पॅडल मात्र मारावंच लागतं. जायच्या आधी त्यांना महिनाभर साध्या सायकलवर बसू दे. त्रास गुडघ्यापेक्षा बैठकीचा होतो, पॅड असलेली चड्डी इथूनच घेऊन जा आणि खोगिराची उंची पहिल्याच दिवशी नीट करून घ्या.

आणखी एक काळजी. तिकडे रस्त्याची उजवी बाजू. सायकलमार्गावर प्रश्न येत नाही, पण गावातल्या चौकात आणि गोल चौकात आपली नजर सवयीने चुकीच्या दिशेला जाते. आमच्याकडे नियम होता, चौक आला की चौघांनीही उतरायचं आणि चालत ओलांडायचं. शेवटपर्यंत पाळला.

व्हिसा साधा शेंगेन. प्रत्येक रात्रीचं हॉटेलचं आरक्षण आणि कमीत कमी ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. हॉटेलांची यादी कंपनीच्या पत्रावर छापून मिळते, ती जोडायची. फी मोठ्या माणसाला ९० युरो. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि सप्टेंबरसाठी जायचं असेल तर उन्हाळ्यातल्या गर्दीच्या आधी तारीख घ्या. विम्यात सायकलिंग धरलं आहे का, हे पॉलिसीत वाचून बघा.

खर्च: आठवड्याच्या सहलीला हॉटेल, नाश्ता, सायकल, सामानाची ने-आण धरून माणशी सातशे ते हजार युरोंच्या आसपास, मोसम आणि हॉटेलप्रमाणे. ई-सायकलला वेगळे पैसे. विमान, व्हिसा, दोन वेळचं जेवण वेगळं. हॉटेलात दर रात्री माणशी थोडा पर्यटन कर रोख द्यावा लागतो.

चाकोरी

सुंदर लिहिलंय, पण टस्कनीची बाजू मांडल्याशिवाय राहवत नाही. मी टस्कनीतल्या कियांती भागात दोनदा सायकल चालवली आहे. सिएनाच्या वरची गायोले, राद्दा, कास्तेल्लिना ही गावं. तिथला खरा आनंद पांढऱ्या मातीच्या रस्त्यांत आहे, ज्यांना स्त्रादे बियांके म्हणतात. चाकाखाली खडी करकरते, दोन्ही बाजूंना सांजोवेसे द्राक्षाच्या रांगा, मध्येच ओक आणि चेस्टनटची झाडी. गायोलेहून १९९७ पासून ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी निघते. पोलादी फ्रेम, लोकरीचे जर्सी, वाटेत ब्रेड आणि वाइन. हे पांढरे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून तिची सुरुवात झाली, आणि ते वाचले. तिचा २०९ किमीचा कायमचा मार्ग पाट्या लावून आखलेला आहे, वर्षभरात कधीही जाता येतं. कियांतीच्या मळ्यांची हद्द तर १७१६ सालीच मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने हुकूम काढून ठरवली होती. हा इतिहास दुसरीकडे कुठे मिळणार?

चढ आहेत, मान्य. पण ई-सायकल असताना चढाचा बाऊ कशाला?

सह्यवारा

@चाकोरी, लेरोइकाबद्दल मनापासून आदर आहे. रस्ते वाचवण्यासाठी फेरी सुरू करणं ही फार मोठी गोष्ट आहे.

पण ई-सायकल फक्त चढ सोपा करते. उतार तसाच राहतो. खडीवरचा दहा-बारा टक्क्यांचा उतार, पंचवीस किलोची जड सायकल आणि ब्रेकवर आवळलेली बोटं, हे नवख्या माणसाला झेपत नाही. मुख्य डांबरी रस्त्यांवर मोटारी आणि मोटरसायकली असतात, कडेला जागा नसते. रोज सिंहगडाचा घाट चालवणाऱ्याने खुशाल कियांती करावी. माझा सल्ला रानपाखरू यांच्यासारख्या कुटुंबासाठी आहे, जिथे चार जणांचा दम चार प्रकारचा आहे. नदीकाठच्या बांधावर सगळे एकत्र चालवू शकतात, बोलत बोलत. सहल चौघांची असेल तर हे फार महत्त्वाचं आहे.

चाकोरी

हे पटलं. ६७ वर्षांच्या माणसाला मी राद्दाच्या उतारावर नेणार नाही.

गोदाकाठचा

निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. सायकलशी माझा संबंध शाळेपुरता, पण हा धागा द्राक्षामुळे वाचला आणि दोनदा वाचला. दोन वर्षांपूर्वी अभ्यास दौऱ्यात याच खोऱ्यातून बसने गेलो होतो, थोडी भर घालतो.

त्रेंतोच्या भागात आपल्या मांडवासारखीच पद्धत आहे, तिला पेर्गोला म्हणतात. फरक असा की आपला मांडव सपाट, सगळ्या बागेवर एकसलग. त्यांच्या मांडवाचा हात ओळीपासून तिरपा वर जातो, एका बाजूला किंवा दोन्ही बाजूंना, आणि दोन ओळींमध्ये उजेडाची फट राहते. घड पानांखाली लोंबतात, उन्हाचा चट्टा बसत नाही. नव्या लागवडीत बरेच जण तारेवरच्या उभ्या पद्धतीकडे वळले आहेत, मशागत आणि फवारणी यंत्राने सोपी पडते म्हणून. पण उन्हाळे कडक होत चालल्यापासून सावली देणारी पेर्गोला पुन्हा विचारात घेतात, असं तिथल्या लोकांनी सांगितलं. माझ्या डोक्यात हे कायमचं बसलं.

दुसरी गोष्ट छाटणीची. आपण एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी, कारण आपल्याकडे वेलीला थंडीची झोप मिळत नाही, ती आपण कात्रीने घडवून आणतो. तिकडे हिवाळ्यात पानं गळून वेल पूर्ण झोपते आणि एकच छाटणी. शेतकरी सांगत होता की त्याची काळजी जानेवारीत संपते. मी त्याला सांगितलं की आमची ऑक्टोबरात सुरू होते आणि मार्चपर्यंत झोपू देत नाही.

डावणी आणि भुरी या रोगांची भीती मात्र दोन्हीकडे सारखीच. वळवाच्या पावसानंतर तोही आपल्यासारखाच पहाटे पानं उलटी करून बघतो.

सह्यवाराताई, तुम्हाला वाटेत तोडणी दिसली का? मजूर कुठून येतात?

सह्यवारा

गोदाकाठचा दादा, किती बारकाईने पाहिलंय तुम्ही. मी पेर्गोलाखालून सायकल चालवली, पण नवी लागवड तारेवर का आहे हे आत्ता समजलं.

हो, आम्ही सप्टेंबरात होतो, तोडणी जोरात होती. सगळी हाताने. मळ्याच्या कडेला ट्रॅक्टर, मागे क्रेट किंवा ट्रॉली, आणि घरची माणसं, नातेवाईक, शेजारी. पूर्व युरोपातले हंगामी मजूरही भरपूर. ट्रॅक्टर सायकलमार्ग ओलांडतात तेव्हा थांबायचं आणि हात करायचा, समोरचाही करतो.

तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट. दक्षिण तिरोलात द्राक्ष उत्पादकाची जमीन सरासरी एक हेक्टरच्या आसपास. एवढ्याशा जमिनीवर स्वतःची वायनरी परवडत नाही, म्हणून तिथे सहकार उभा राहिला. तेर्लानो आणि आंद्रियानोच्या संस्था १८९३ च्या. आजही तिथली बहुतांश वाइन सहकारी तळघरांत, म्हणजे वायनऱ्यांत, तयार होते. आणि ती हलक्या दर्जाची नाही, उलट काही सहकारी संस्थांच्या वाइनला इटलीत पहिल्या प्रतीचा मान आहे. सभासदाला पैसे नुसत्या वजनावर मिळत नाहीत, प्रतीवर मिळतात. घड कमी ठेवून प्रत वाढवली तर त्याचा मोबदला मिळतो. काल्दारोच्या संस्थेच्या दुकानात उभं राहून मी हे ऐकत होते तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी तालुक्यांची आठवण झाली.

पुन्हा गेलात तर सान मिकेले आल्लादिजेला उतरा. १८७४ साली सुरू झालेली शेतकी शाळा आहे, आता मोठी संशोधन संस्था. २००७ मध्ये पिनो न्वार या द्राक्षाचा आणि २०१० मध्ये गोल्डन डिलिशस सफरचंदाचा जनुकीय आराखडा तिथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला. संस्थेच्या तळघरातली वाइन विकत मिळते, आणि शेजारच्या मठात त्रेंतिनोच्या शेती-अवजारांचं फार उत्तम संग्रहालय आहे. सायकलमार्गापासून अगदी जवळ.

तिखटमीठ

आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. उपाशी राहायची वेळ येईल का? टस्कनीत निदान पास्ता-पिझ्झा मिळतो, हे तर अर्धं ऑस्ट्रिया.

इन्सब्रुककर

@तिखटमीठ, मी ब्रेनर खिंडीच्या पलीकडे, ऑस्ट्रियात राहतो, या खोऱ्यात वर्षातून अनेकदा असतो. उपाशी राहणार नाही, पण विचारावं लागेल.

पास्ता-पिझ्झा तर सगळीकडे आहेच. त्याशिवाय श्लुत्सक्राप्फेन म्हणजे पालक आणि ताज्या चीजचं सारण घातलेली अर्धचंद्राकार पास्ता, वर वितळलेलं लोणी. त्रेंतोकडे स्त्रांगोलाप्रेती, पालक आणि शिळ्या पावाचे उकडलेले गोळे, सेज पानांच्या लोण्यात. पोलेंता म्हणजे मक्याच्या जाडसर पिठाचं घट्ट शिजवलेलं मुटकुळं, त्यावर मशरूम किंवा चीज. यातल्या क्राप्फेनमध्ये आणि गोळ्यांमध्ये अंडं असतं. तुम्ही अंडंही खात नसाल तर पोलेंता, टोमॅटो सॉसमधला बिनअंड्याचा सुका पास्ता, मारिनारा पिझ्झा, भाजलेल्या भाज्या यांवर राहावं लागेल.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. कानेदेर्लीमध्ये, म्हणजे पावाच्या मोठ्या गोळ्यांत, स्पेक हे धुरावलेलं डुकराचं मांस सर्रास असतं. पालकाचे आणि चीजचेही मिळतात, पण सुपात येणारे विचारूनच घ्या. आणि त्रेंतिनग्राना, पार्मेजान ही कडक चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने बनतात. ज्यांना हे चालत नाही त्यांनी पास्त्यावर किसलेलं चीज नको म्हणून आधीच सांगावं. ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा’ म्हणजे मांस, मासे, अंडं नको. वाढणारा समजून घेतो.

स्वयंपाकघरं दोननंतर बंद होतात आणि संध्याकाळी सातच्या आसपास उघडतात. किराणा दुकानंही दुपारी बंद. त्यामुळे सकाळीच पाव, फळं, चीज घेऊन ठेवा. त्रेंतिनोच्या मार्गावर ‘बिचीग्रिल’ नावाची सायकलवाल्यांसाठीची उपाहारगृहं आहेत, तिथे पंपही असतो आणि सँडविचही. पाणी विकत घेऊ नका, गावागावात पिण्याच्या पाण्याचा नळ आहे.

ऑक्टोबरात गेलात तर शेतकऱ्याच्या घरी ट्योर्गेलेन होतं, नवी वाइन, भाजलेले चेस्टनट, घरचं जेवण. चेस्टनट आणि गोड मोस्त (द्राक्षांचा ताजा रस) शाकाहाऱ्यालाही पोटभर.

तिखटमीठ

इतकं नेमकं कुणीच सांगितलं नव्हतं. रेनेटचं तर घरी आईला आत्ताच वाचून दाखवलं. आभार.

चढउतार

मी हा मार्ग केला आहे आणि थोडं उलट बोलणार आहे. सालोर्नो ते त्रेंतो पट्ट्यात महामार्ग, रेल्वे आणि सायकलमार्ग तिघंही एकाच अरुंद खोऱ्यात. महामार्गाचा आवाज तासन्‌तास सोबत असतो. सफरचंदाच्या बागांवर जाळ्याच जाळ्या. आणि दुपारी समोरून वारा, सपाटीवरही घाटात असल्यासारखा दम लागला.

सह्यवारा

@चढउतार, आवाज आहे, हे खरं. म्हणून त्या पट्ट्यात मी बांध सोडून मेत्झोकोरोनाकडच्या मळ्यांतून जायला सांगेन. थोडं लांब पडतं, पण तेरोल्देगोच्या बागांमधून जाता येतं.

वाऱ्याचं तर वेळापत्रकच आहे. उन्हाळ्यात सकाळी उत्तरेकडून खाली वाहतो, म्हणजे आपल्या पाठीवर. दुपारी दरी तापली की दक्षिणेकडून वर येतो, गार्दा सरोवराकडून येणाऱ्याला ओरा म्हणतात. त्यामुळे सात-साडेसातला निघायचं आणि एक-दीडला मुक्कामी पोहोचायचं. दिवसाचा टप्पा तीस-चाळीस किलोमीटरचाच ठेवायचा. दुपार मग गावासाठी, किंवा तळ्यात पोहायला. जुलै-ऑगस्ट टाळाच, डोंगरांच्या वाटीतलं बोल्झानो तेव्हा इटलीतल्या सगळ्यात उष्ण शहरांत असतं. मे, जून, सप्टेंबर उत्तम. एप्रिलात सफरचंदाचा फुलोरा असतो, आणि रात्री गारठा पडणार असेल तर बागांवर पाणी फवारतात. कळीभोवती बर्फाचं कवच बसतं आणि आतली कळी वाचते.

पायवाट

दिवसभर चाखत चाखत सायकल चालवणं धोक्याचं नाही का? कायदा काय म्हणतो?

सह्यवारा

चालवताना पिऊच नये, हे माझं स्पष्ट मत. इटलीत रक्तातल्या मद्याची ०.५ ग्रॅम प्रति लिटर ही मर्यादा सायकलस्वारालाही लागू होते आणि ०.८ च्या वर गेलं तर फौजदारी गुन्हा नोंदवला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बांधाच्या एका बाजूला नदी आहे. आम्ही चाखण्याची वेळ नेहमी मुक्कामाला पोहोचल्यावर, सायकल कुलूप लावून झाल्यावर ठेवली. तळघराला आदल्या दिवशी फोन किंवा ईमेल करा, रविवारी बहुतेक बंद. चाखून थुंकायचं भांडं समोर ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही गैर नाही, तिथले जाणकार तेच करतात. न पिणाऱ्यांसाठी सफरचंदाचा ताजा रस इतका चांगला मिळतो की आमच्यातल्या एकीने आठवडाभर दुसरं काही घेतलं नाही.

हेल्मेट मोठ्यांना सक्तीचं नाही, तरी घालाच. सूर्यास्तानंतर गावाबाहेर आणि बोगद्यात चकाकणारं जाकीट मात्र सक्तीचं आहे.

माणदेशी

तासगावचा. आमच्याकडे बेदाणा. व्हेरोनाजवळ द्राक्षं वाळवून वाइन करतात असं ऐकलं, कुणी पाहिलंय का?

सह्यवारा

हो! तो भाग वालपोलिचेल्ला, व्हेरोनाच्या वायव्येच्या टेकड्या. कोर्विना, कोर्विनोने, रोंदिनेल्ला या जातींचे निवडक सुटसुटीत घड तोडून हवेशीर माळ्यावर एका थरात मांडतात. पूर्वी बांबूच्या चटया वापरत, आता क्रेटही असतात. तुमच्या शेडमध्ये जाळीवर पसरतात तसंच, पण घड बुडवायचं डिपिंग ऑइल नाही, पोटॅशियम कार्बोनेट नाही, काही नाही. फक्त थंडी, वारा आणि वेळ. तुमचा बेदाणा दोन-तीन आठवड्यांत होतो, त्यांचे घड तीन-चार महिने तिथेच. वजन तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त घटतं, साखर दाटते, आणि मग जानेवारीत घड चेंगरून सालींसकट सावकाश आंबवतात. त्या कोरड्या, दणकट वाइनचं नाव आमारोने. उरलेल्या चोथ्यावर त्या भागाची साधी वालपोलिचेल्ला वाइन पुन्हा आंबवली की रिपास्सो.

सप्टेंबरअखेर ते डिसेंबर गेलात तर वाळवणाचे माळे भरलेले दिसतात. आत गेल्यावर जो वास येतो तो तुम्हाला घरचाच वाटेल.

माणदेशी

पाऊस आला तर?

गोदाकाठचा

@माणदेशी, धुकं आणि दमट हवा हाच त्यांचा शत्रू. बुरशी धरते. म्हणून मोठे पंखे आणि आर्द्रता मोजणारी यंत्रं बसवली आहेत. खिडक्या उघडायच्या की बंद ठेवायच्या, हे दिवसातून दोनदा ठरतं. अवकाळीत आपल्या शेडला ताडपत्री बांधताना जी धावपळ होते, तीच.

रानपाखरू

आमचं ठरलं, पुढच्या सप्टेंबरात. दोन शेवटचे प्रश्न. बाबा (सासरे) एखाद्या दिवशी थकले तर? आणि गार्दा सरोवर वाटेत येतं का?

सह्यवारा

थकले तर रेल्वे. सगळ्या खोऱ्यात रूळ नदीबरोबरच जातात आणि दर थोड्या अंतरावर स्टेशन आहे. प्रादेशिक गाडीत सायकलचं वेगळं तिकीट काढून सायकल चढवता येते, डब्यावर सायकलचं चिन्ह बघा. छापील तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर दंड. गर्दीच्या वेळी चार सायकली एकाच गाडीत मावतीलच असं नाही, तेव्हा दोघांनी पुढे जावं. बरीच हॉटेलं पाहुण्यांना कार्ड देतात, त्यावर स्थानिक बस-रेल्वे फुकट असते, सायकल नाही. हे आल्या आल्या मागून घ्या.

गार्दासाठी रोवेरेतोच्या दक्षिणेला मोरीपाशी उजवीकडे वळा. लोप्पियोच्या कोरड्या पडलेल्या तळ्याजवळून सायकलमार्ग जातो, सान जोव्हान्नीची छोटी खिंड लागते, तीनशे मीटरच्याही खाली, आणि मग नागोच्या वळणावर अख्खं सरोवर एकदम समोर येतं. तिथून तोर्बोलेचा उतार तीव्र आहे, बाबांना सायकल हातात धरून उतरू द्या. तोर्बोले-रिवाला एक रात्र राहा, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने परत मोरीला येऊन आदिजे धरा. सरोवराच्या काठच्या मोटाररस्त्याने व्हेरोनाकडे जाऊ नका, बोगदे आहेत.

हॉटेलांची यादी व्यनि करते. आईंचं आणि बाबांचं पायाच्या आतल्या बाजूचं माप सेंटिमीटरमध्ये घेऊन ठेवा, सायकल ठरवताना कंपनी सगळ्यात आधी तेच विचारते.